भंगारातली अवजारं: काय उचलायचं, काय तिथेच सोडायचं

गंजलेला_पाना
नमस्कार मंडळी. एक बंद पडलेलं वर्कशॉप रिकामं केलं जात होतं. दाराबाहेर लोखंडाचा ढीग होता आणि ढिगाच्या तळाशी बेंच व्हाइसचा (काम करताना वस्तू घट्ट पकडायच्या शिकंज्याचा) जबडा दिसला. मालकांना विचारलं. ते म्हणाले, "जाम झालाय, वजनावरच जाणार आहे. हवा तर न्या." सोबत दोन पटाश्या, एक रंधा, मूठ नसलेल्या चार कानशी आणि पान्यांची अर्धी गोणीही दिली.

आता सगळं घरी आणलंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. व्हाइसचा स्क्रू तसूभरही हलत नाही. पटाश्यांवर गंजाचे पापुद्रे आहेत, एकीच्या टोकाला निळसर झाक आहे. रंध्याच्या पात्यावर 'कास्ट स्टील' असा शिक्का आहे. म्हणजे ते बीडाचं, ओतीव लोखंडाचं आहे ना? मग टाकून द्यावं का?

मी आजवर सगळी अवजारं नवी घेतली. वाचवण्यासारखं काय आणि खरंच भंगार काय, हे ओळखायचं कसं?

ऐरण
ते पातं आधी तेलाच्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. टाकू नका! 'कास्ट स्टील' म्हणजे बीड नव्हे. १७४०च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डला बेंजामिन हंट्समन याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवून ओतायची रीत बसवली. त्याआधी लोखंडाच्या सळ्या कोळशात तापवत ठेवून बाहेरून आत कार्बन मुरवत, त्यामुळे एकाच सळईत कुठे कडक, कुठे मऊ. मुशीत वितळलं की सगळं एकजीव होई. म्हणून पुढे कितीतरी वर्षं चांगल्या पटाश्या, पाती आणि करवती यांवर हा शिक्का अभिमानाने मारला जात असे. इथे 'कास्ट'चा अर्थ 'ओतीव पोलाद', एवढाच.

जुनी पाती अनेकदा दोन थरांची असतात. कडेचा बोटभर भाग पॉलिश पेपरने घासून उजेडात धरा. धारेच्या बाजूला पातळ चकचकीत थर आणि पाठीमागे जरा मळकट, रेघारेघांचं लोखंड अशी सीमारेषा दिसली, तर पोलादाची पट्टी लोखंडावर तापवून जोडलेली आहे. धारेसाठी महागडं पोलाद लागेल तेवढंच, बाकी मऊ लोखंड. मी पहिल्यांदा ती रेषा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ पातं हातातून खाली ठेवलं नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. गंज किती आहे हे बघूच नका, गंजाखाली काय उरलंय ते बघा. मूठ नवी बसवता येते, दांडा नवा घालता येतो, गंज निघतो, धार लावता येते. हे सगळे कष्ट आहेत, नुकसान नव्हे. परत आणता येत नाहीत अशा गोष्टी मोजक्याच: तडा, धारेच्या जागी खोल खड्डे आणि उतरलेलं पाणी, म्हणजे पोलादाला तापवून-बुडवून दिलेला कडकपणा निघून जाणं.

खड्ड्यांबद्दल एक बारकावा. नवशिके उताराची बाजू तपासतात, जिथे आपण धार लावतो ती. तिथले खड्डे दर वेळी घासले जातातच. बघायची असते ती सपाट पाठ. धार म्हणजे दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा. पाठीवर खड्डे असले तर धार मागे सरकत त्या खड्ड्यापर्यंत आली की तिथे खाच पडणार, आणि मग लाकडावर दर हाताला एक ओरखडा उमटणार. पाठीचा टोकाकडचा दोन बोटं भाग बरा असेल तर पटाशी बिनधास्त ठेवा.

निळ्या झाकेचं आत्ताच बघून घ्या, गंज काढायच्या आधी. साधं कार्बन पोलाद ग्राइंडरवर तापलं की २२०-२३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळं दिसतं, २५५च्या आसपास तपकिरी, मग जांभळं आणि ३००ला निळं. निळं झालं तिथलं पाणी उतरलं, ती धार लाकडात टिकत नाही. निळं कुठवर आहे ते कोरून खूण करून ठेवा. ॲसिडात बुडवल्यावर रंग निघून जाईल, मऊपणा मात्र तिथेच राहील आणि मग तुम्ही महिनाभर धार लावण्याच्या पद्धतीला दोष देत बसाल. तेवढा तुकडा सावकाश घासून काढा. दोन-तीन सेकंद ग्राइंडरवर, लगेच पाण्यात. बोटाला चटका बसला की थांबायचं.

नवशिक्या_हात
वाचनखूण साठवली. शंका विचारतो. पोलाद चांगलं आहे की साधं लोखंडच, हे घेण्याआधी कसं समजतं? ढिगापाशी ग्राइंडर थोडाच असतो?

ऐरण
खिशात एक चांगली कानस ठेवा. वस्तूच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवा. कानस सरकून गेली, काही कापलंच नाही, तर पाणी दिलेलं कडक पोलाद आहे. लोण्यासारखी चावली तर मऊ. पटाशीच्या दांड्याकडे मऊ लागणारच, म्हणून टोकाशीच तपासायचं.

घरी ग्राइंडर असला तर ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब जातात आणि फार फुटत नाहीत. जास्त कार्बनचं पोलाद फुलबाजीसारखं फुटतं, पांढरट पिवळं. बीडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. हाय स्पीड स्टीलच्या गडद, नारिंगी-तांबड्या आणि विरळ. मोडके ड्रिल बिट, लेथची जुनी टूल यांत ते सापडतं. ते साधारण ६०० अंशांपर्यंत कडक राहतं, म्हणून तिथे ग्राइंडरच्या निळ्या झाकेची भीती नाही. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांना ठिणगी नाही. ॲल्युमिनियम तर दगडावर लावूच नका, दगडाची छिद्रं भरतात.

आटेवाला
व्हाइसबद्दल मी लिहितो, जाम झालेली यंत्रं सोडवण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली.

सोडवायच्या आधी तो सोडवण्यालायक आहे का ते बघा. व्हाइसचं अंग बहुधा बीडाचं असतं आणि बीडाला तडा गेला तर वेल्डिंग जिकिरीचं. टांगून हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करा. अखंड बीड घणघणतं, तडकलेलं भद्द वाजतं. शंका वाटली तर रॉकेल आणि खडू. संशयाच्या जागी रॉकेल चोळा, पाचदहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडू फासा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्या खडूतून पाझरतं आणि केसाएवढी ओली रेघ उमटते. स्क्रूच्या नटाची जागा आणि सरकत्या जबड्याचा कोपरा, हे दोन ठिकाण सोडू नका.

सगळं ठीक असेल तर घाई करू नका. झिरपणारं तेल स्क्रूच्या दोन्ही टोकांना घाला, दिवसातून दोनदा, चार दिवस. मधेमधे हातोडीने हलके ठोके द्या, वाकवायला नाही, थरथर व्हावी म्हणून. थरथरीने तेल आत ओढलं जातं. मग सोडवायच्या दिशेला जोर लावण्याआधी किंचित आवळून बघा. गंजाचा सांधा पहिल्यांदा कुठल्याही दिशेने मोडला तरी चालतो. नळी लावून लिव्हर लांब करायचा मोह होईल. तो टाळा. दांडा वाकतो किंवा बीड तुटतं, आणि मग खरंच वजनावर जातं.

नट असलेला भाग गरम करणं हा शेवटचा उपाय, आणि तेल पुसून घेतल्यावरच. जबड्यांच्या दातेरी पट्ट्यांना ऊब लागू देऊ नका, त्यांनाही पाणी दिलेलं असतं.

सुतारपक्षी
गंज काढायला मी सायट्रिक ॲसिड वापरते. एका लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर पुरतं. सकाळी काळा थर दिसतो, तो ब्रशने निघतो. मग सोड्याच्या पाण्यातून काढायचं, लगेच कोरडं करायचं आणि तेल लावायचं. 'लगेच' म्हणजे खरोखर लगेच. मी एकदा फोन घ्यायला गेले आणि परत येईपर्यंत पात्यावर नारिंगी धूळ चढली होती.

स्प्रिंगा आणि फार कडक पातळ वस्तू तासन्‌तास बुडवू नका. ॲसिडात तयार होणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं.

मुठीला जवसाचं तेल लावत असाल तर ते फडकं चुरगळून टाकू नका. तेल हवेशी मिळताना उष्णता तयार होते आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवा.

एक विचारू का? मी येताजाता ढिगांतून मोटरी, केबल, पितळी नळ सगळंच उचलते. तांबं-पितळ विकून अवजारांचा खर्च निघतो. इथे बाकीच्यांचं काय धोरण आहे?

कार्बनब्रश
विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा वेगळा धडा आहे. टाकून दिलेल्या ड्रिल-ग्राइंडरमध्ये मला सर्वांत जास्त सापडलेले दोष म्हणजे झिजलेले कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे), अंगात शिरते तिथे तुटलेली वायर आणि गेलेला स्विच. मोटर जळालेली सहसा वासावरूनच कळते. गुंडाळीचं वार्निश करपलं की तो उग्र वास वर्षभर जात नाही. वास नसेल तर उघडून बघण्यात अर्थ आहे.

पण काही वस्तू नवशिक्याने उघडूच नयेत, आणि हे मी हात जोडून सांगतो. मायक्रोवेव्ह ओव्हन पहिला. आतला ट्रान्सफॉर्मर सुमारे २००० व्होल्ट देतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका साठा राहू शकतो. काही मॅग्नेट्रॉनच्या (ओव्हनमध्ये लहरी तयार करणाऱ्या भागाच्या) सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, ते फोडलं तर त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुसरे. फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या तिसऱ्या. दाबू नका, भोसकू नका, बंद डब्यात तर अजिबात ठेवू नका. फ्रिजच्या नळ्या कापून वायू सोडणंही नको. ओझोनचा थर वाचवायला १९८७ साली माँट्रियल करार झाला तो जुन्या फ्रिजमधल्या अशाच वायूंसाठी.

आणि बंद पिंप. आत काय होतं हे माहीत नसलेल्या पिंपावर किंवा टाकीवर कधीच ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवू नका. रिकामं दिसणारं पिंप पेट घेणाऱ्या वाफेने भरलेलं असू शकतं आणि एक ठिणगी पुरते.

भंगारघरची_लेक
सुतारपक्षी, तुमच्या प्रश्नासाठी खाते उघडून लिहिते आहे.

माझ्या वडिलांचा भंगाराचा धंदा होता. मी काट्याशेजारी बसून अभ्यास केलाय. माल निवडायचं काम आईचं. एका हातात चुंबक, दुसऱ्या हातात कानस. चुंबकाला चिकटलं की लोखंड, नाही चिकटलं की घासून आतला रंग बघायचा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशा वायरी आई बोटांनी वाकवूनच ओळखायची, वजन हाताला लागत नाही म्हणायची.

आमच्याकडे माल आणणाऱ्यांत गाडी ओढणारे, पोती वाहणारे लोक असत. त्यांचा दिवस पत्र्यावर आणि पुठ्ठ्यावर चालत नाही, तो चालतो त्या एका मोटरवर किंवा दोन किलो केबलवर. कुणी तांबं काढून घेतलं आणि सांगाडा टाकून गेलं, तर ओझं तेवढंच राहतं, पैसे मात्र जातात. छंद म्हणून ढिगातलं तांबं उचलणाऱ्याला हे ठाऊक नसतं, त्याने वाईट हेतूने केलेलं नसतं. म्हणून सांगितलं.

मला वाटतं, ज्याची किंमत वजनात आहे ते वजनावर जगणाऱ्यांना सोडावं. ज्याची किंमत घडणीत आहे ते आपण वाचवावं, कारण काट्यावर ती घडण शून्य होते. जुनं ॲल्युमिनियम वितळवलं तर खनिजातून काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्के ऊर्जेतच काम भागतं, तेव्हा तिथे वितळवणं चांगलंच. पण पटाशी वितळली की धातू तेवढा उरतो. पाणी, धार, शिक्का, कुणाच्या तरी हातांनी साधलेला तो तोल, सगळं गेलं. वडील दर शनिवारी ढिगातून अवजारं वेगळी काढून एका लाकडी पेटीत टाकायचे आणि सुतार-गवंड्यांना वजनाच्याच भावाने द्यायचे.

आणि कृपा करून वायरी जाळू नका. प्लास्टिकचं ते आवरण पीव्हीसीचं असतं, त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन असतात. शिवाय काळं पडलेलं तांबं काट्यावर खालच्या प्रतीत जातं. आमच्या घरामागे रात्री ती आग जळायची आणि धाकट्या भावाचा खोकला थांबायचा नाही.

सुतारपक्षी
हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार, ताई. घरात दोन मोटरी पडल्या आहेत, त्या सकाळी गाडीवाल्या दादांना देते. केबलही.

कार्बनब्रश
+१. आणि चालू ड्रिलची वायर बुंध्यापासून कापून नेणाऱ्यांनाही हेच सांगायचंय. मूठभर तांब्यासाठी आख्खं अवजार मरतं.

नवशिक्या_हात
परवानगीचं काय? फुटपाथवर ठेवलेली वस्तू टाकलेलीच आहे असं धरायचं का?

आटेवाला
टाकलेलं आणि ठेवलेलं यात फरक असतो. बांधकामावर, कुंपणाच्या आत, बंद दुकानाच्या पायरीवर जे आहे ते ठेवलेलं. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नियम जागोजागी वेगळे आहेत, पण विचारणं सगळीकडे चालतं. आणि विचारल्यावर बहुतेक जण खुशीने देतात, वर आणखी दोन वस्तू दाखवतात, इथे गंजलेला_पाना यांना मिळाल्या तशा. अवजारावर नाव कोरलेलं दिसलं तर मी माणूस शोधायचा प्रयत्न करतो. एका व्हर्नियरचा (बारीक मापं घ्यायच्या अवजाराचा) मालक असाच सापडला. त्यांच्या वडिलांचं होतं ते, चुकून गोणीत गेलेलं.

पान्यांचं राहिलं. तुमच्या गोणीत आकड्यापुढे 'डब्ल्यू' असलेले पाने आहेत का? ते व्हिटवर्थ मापाचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांची एक ठरावीक पद्धत सुचवली, कोन ५५ अंशांचा. आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे. त्या पान्यावरचा आकडा तोंडाचं माप सांगत नाही, बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. म्हणून अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड २३ मिलिमीटरहून जास्त भरतं आणि लोक पाना खोटा समजून फेकतात. जुन्या यंत्रांवर काम करणारे असे पाने शोधत फिरत असतात. जपून ठेवा.

ऐरण
विकायचा विषय निघेलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. दुरुस्त करून विकलं तर काय बदललं, काय जुनंच आहे, ते घेणाऱ्याला सांगा. गार्ड नसलेला ग्राइंडर विकू नका, फुकटही देऊ नका. ग्राइंडरचा जुना दगड दांड्यात अडकवून लाकडाने ठोकून बघा, घणघणला नाही तर फोडूनच टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही. छिन्नीच्या डोक्यावर छत्रीसारख्या कडा वळल्या असतील तर त्या घासून काढा, नाहीतर ठोका बसताच तुकडा उडून डोळ्यात जातो.

आणि ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला असतो ते भंगारातून घ्यायचंच नाही. साखळी, दोर, शिडी, गाडीखालचा जॅक. त्यांनी आधी काय सोसलंय ते डोळ्यांना दिसत नाही. इथे मी कुठलीही कानस किंवा खडू चालवून बघत नाही, सरळ सोडतो.

गंजलेला_पाना
सहा दिवस झाले, कळवतो.

रॉकेल आणि खडूची परीक्षा झाली. तडा नाही. चार दिवस तेल आणि ठोके दिले, स्क्रू ढिम्म. पाचव्या दिवशी आटेवाला यांनी सांगितलं तसं आधी किंचित आवळलं. 'कट्' असा बारीक आवाज आला. मला वाटलं मोडलं. मग उलटा फिरवला तर पाव वळसा आला, परत आवळला, परत पाव वळसा. तासाभराने जबडा पूर्ण बाहेर आला.

स्क्रूवर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं होतं, पिवळसर. नखाने खरवडलं तर खाली चौकोनी आटे कोरे करकरीत निघाले. गंज फक्त पुढच्या दोन आट्यांना होता. ज्याने शेवटचं ग्रीस लावलं त्याने भरपूर लावलं होतं.

पटाशीचं निळं टोक साधारण अर्धा सेंटिमीटर होतं, ते पाणी मारत मारत घासून काढलं. रंध्याच्या पात्यावर ती सीमारेषा आहे. आणि गोणीत 'डब्ल्यू'चे तीन पाने निघाले. कुणाला जुन्या यंत्रासाठी हवे असतील तर निरोप टाका, असेच देईन.